कोस्टेलचा पत्ता

त्रेंतो, मार्च १६२०

साल्का,

तुझा भाऊ जिवंत आहे, पोटाला मिळतंय, आणि हातोडी अजून दगडावरच पडते, बोटांवर नाही. तेर्नित्से सोडून इतका काळ झाला, पण स्वप्नात अजून तुझ्याच चुलीवरची जवाची पेज उकळत असते.

एक गंमत ऐक. इथला नवा इटालियन उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाला, "हावेल, उद्या कास्तेल्लोवर ये." मला वाटलं, वा, देवाचं काम मिळालं! सकाळी तोंड धुऊन, केस विंचरून, टोपी हातात धरून टेकडी चढलो. वर बघतो तर तोफा, चिखल आणि आईवरून शिव्या देणारे पहारेकरी. मी आपला टोपी छातीशी धरून उभा. सगळे खो खो हसले. "कोणाला नमस्कार करतोयस रे, तोफेच्या दारूच्या पिंपाला?"

आपल्याकडे कोस्टेल म्हणजे देवाचं घर. इथे कास्तेल्लो म्हणजे किल्ला. आंब्रोश काकांना सांग. त्यांना हसायला काहीतरी हवंच असतं.

मात्र भिंती दुरुस्त करायची इतकी घाई का, ते कोणी सांगत नाही. रोज दक्षिणेकडून शिपाई येतात आणि उत्तरेला निघून जातात. उत्तरेला आपण आहोत, साल्का. आपल्या चेक सरदारांनी कॅथलिक बादशहाविरुद्ध तलवार उपसली हे इथे पोराटोरांनाही ठाऊक आहे. सावध राहा.

तुझा हावेल


तेर्नित्से, जून १६२०

हावेल,

पत्र टोबियाश फेरीवाल्यानं सुया आणि फितींच्या पेटाऱ्यातून आणून दिलं. काकांना वाचून दाखवलं तर म्हातारा डोळे पुसेपर्यंत हसला. मग म्हणाला, "त्याला लिही, आपल्या आजोबांनी कोस्टेल बांधलं ते काही नुसती भजनं गायला नाही. भिंत बघ केवढी आहे! बंदुकीची भोकं बघ!" खरंच आहे ते. लहानपणी आपण त्या भोकांतून एकमेकांवर खडे मारायचो, आठवतं? तेव्हा वाटायचं, ती भोकं मुलांसाठीच ठेवलीत.

आता गावानं अंगणाभोवतीची भिंत पुन्हा लिंपायला घेतली आहे. माझा नवरा मातेय दिवसभर चुना कालवतो. काका आता कोस्टेलचे राखणदार झालेत, किल्ली कमरेला बांधून फिरतात. कोणी काही बोलत नाही. पण बायका धान्य घराबाहेर पुरतायत आणि एकमेकींना जागा सांगत नाहीत. सख्ख्या जावा! मीसुद्धा सासूबाईंना सांगितलेली नाही.

ऊर्शुला आता वाचते. धाकटीला दात आले. तू घरी ये. किल्ले दुसरे बांधतील.

सालोमेना


लिन्झच्या अलीकडून, ऑक्टोबर १६२०

साल्का,

मी निघालोय. सरळ नाही, वळणावळणानं, एका मोठ्या काफिल्याबरोबर. वाटेत एकट्यानं चालणं शहाणपणाचं नाही. दगडाचं काम मिळेल तिथे करतो.

काफिल्यात जगातले सगळे लोक आहेत, आणि वाटेत जेवायला बसलो की मी त्यांना एकच प्रश्न विचारतो, किल्ल्याला तुमच्याकडे काय म्हणतात? स्पेनचा माणूस म्हणतो कास्तीयो. फ्रेंच बोलणारा एक वालून आहे, तो नाकातून म्हणतो शातो. एक लाल केसांचा आयरिश आहे, तो म्हणतो काशेल. एकाला समुद्री चाच्यांनी पकडून अल्जीयर्सला वल्ही मारायला बसवलं होतं, तो म्हणतो, तिकडे अरबसुद्धा राजवाड्याला कस्र म्हणतात. एकाच आईची लेकरं वाटतात, प्रत्येकाच्या अंगावर वेगळे कपडे. फक्त पोलंडचा एक घोडेवाला निघाला आपल्यासारखा. त्याचं कोश्चूव म्हणजे चर्चच.

इथे एक म्हातारे पाद्री आहेत, फादर इप्पोलितो. लॅटिन त्यांना पाण्यासारखं येतं. ते म्हणाले, "रोमच्या फौजा जिथे मुक्काम करायच्या ती छावणी म्हणजे कास्ट्रुम. तिच्यापेक्षा छोटी गढी म्हणजे कास्टेल्लुम. शिपाई गेले, मेले, विसरले गेले. शब्द मागे राहिला." मी विचारलं, मग आमच्याकडे त्याचं देऊळ कसं झालं? त्यांनी विस्तवात एक लाकूड सरकवलं. म्हणाले, "तुमच्याकडे धाड आली की लोक कुठे पळत असत?" मी म्हटलं, कोस्टेलमध्ये. म्हणाले, "मग झालं की. भिंतीला जे नाव होतं, ते भिंतीआडच्या देवाला चिकटलं."

रात्री मला ते फार बरं वाटलं होतं. आता लिहिताना तितकं बरं वाटत नाही.

हावेल


तेर्नित्से, डिसेंबर १६२०

हावेल,

टोबियाशनं तुला पाहिलं.

तू घोड्यावर होतास. टोपीला पीस होतं. पुढे बादशहाकडून लढणाऱ्या नेपल्सच्या पलटणीचा कप्तान होता आणि तू त्याच्या मागे. टोबियाश म्हणाला, "बाई, मी हाक मारणार होतो, पण मग म्हटलं, ओळख दिली तर गळा जाईल." आपल्या माणसाला हाक मारताना गळ्याची भीती वाटली त्याला!

दगडाचं काम करतोस म्हणे. काफिला म्हणे.

प्रागच्या बाहेर काय झालं ते आम्हाला कळलंय. आपली फौज एका सकाळीत मोडली. आता बादशहाचे शिपाई वाटेत येईल ते गाव लुटतात. आपल्या बंधुसंघ पंथाच्या उपदेशकांना गळ्यात दोर बांधून फिरवतात. तू त्यांच्या विस्तवापाशी बसून शब्द गोळा करतोस.

मी काकांना काही सांगितलेलं नाही. टोबियाशनं सांगितलं. ते नुसते म्हणाले, "पीस कुठल्या रंगाचं होतं?"

सालोमेना


ब्रनोजवळची छावणी, जानेवारी १६२१

साल्का,

पीस पिवळं होतं, त्या पलटणीचंच. काकांना सांग. आता खोटं बोलून उपयोग नाही.

लिन्झच्या पत्राआधीच, पासाऊच्या नाक्यावर या पलटणीनं मला धरलं. झडती घेताना मी इटालियनमध्ये शिवी दिली आणि चेकमध्ये देवाचं नाव घेतलं, तेवढ्यावर कप्तान रेन्दीना म्हणाला, "हा माझा दुभाषा." नको म्हणायची सोय नव्हती. माझ्याआधीच्या दुभाष्यानं नको म्हटलं होतं, त्याचाच घोडा मला मिळाला. तुला लिहिलं नाही, कारण तू रात्ररात्र जागली असतीस. आता जागच, कारण पुढचं ऐकायलाच हवं.

गेल्या आठवड्यात एका गावात शिरलो. मी मागे सामानाबरोबर होतो. पुढच्या शिपायांनी विहिरीवरच्या एका माणसाला विचारलं, "कास्तेल्लो? कास्तेल्लो कुठे?" त्यांना गढी हवी होती. गढी म्हणजे सरदार, सरदार म्हणजे लूट, आणि गढी म्हणजे आतून गोळ्या. त्या बिचाऱ्याला वाटलं, कॅथलिक माणसं आहेत, प्रार्थनेला जागा विचारतायत. त्यानं मान डोलावली. "कोस्टेल, कोस्टेल!" आणि बोट दाखवलं. सगळ्या बायका आणि मुलं तिथेच लपली होती. शिपायांनी भिंत पाहिली, भोकं पाहिली, आणि त्यांची खात्रीच पटली. मी धावत पोचलो तोवर दार तुटलेलं होतं.

मी आत गेलो नाही. फादर इप्पोलितो गेले. बाहेर आल्यापासून ते लॅटिन बोलत नाहीत, कुठलीच भाषा बोलत नाहीत.

म्हणून आता मी सांगतो ते गावाला शिकव. त्यांनी कास्तेल्लो विचारलं तर मान हलवायची, नाही म्हणायचं. कोस्टेल हा शब्द तोंडातून काढायचा नाही. चर्चला ते किएझा म्हणतात. कि-ए-झा. पोरींना पाठ करायला लाव. आणि काहीही झालं तरी कोस्टेलमध्ये जाऊ नका. आमची पलटण कुठे वळेल मला माहीत नाही. तुम्ही कुठे लपणार ते मला कळव, म्हणजे मी त्यांना दुसरीकडे नेईन.

हावेल


तेर्नित्से, जानेवारी १६२१

हावेल,

पत्र पोचलं. तुझा शब्द सगळ्यांना शिकवला. ऊर्शुला चांगला म्हणते. सासूबाईंना दात नाहीत, त्यांच्या तोंडून तो शिंकेसारखा निघतो. काका म्हणाले, "माझ्या देवाला मी त्यांच्या भाषेत हाक मारणार नाही." पण तुझं पत्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं.

विचारलंस म्हणून सांगते. आम्ही सगळे कोस्टेलमध्येच राहणार. बर्फ कमरेइतकं आहे, धाकटी खोकतेय, अशात पोरं घेऊन जायचं कुठे? भिंत पक्की आहे, दार ओकचं आहे. तुझ्या हातात असेल तर तुझ्या कप्तानाला दुसऱ्या रस्त्यानं ने. नसेल तर देवाची इच्छा.

सालोमेना


फेब्रुवारी १६२१

साल्का, हात जोडतो, तिथे राहू नका. पलटण तुमच्याच खोऱ्याकडे वळली आहे. मी कप्तानाला म्हटलं, तिकडे काही नाही, नुसते मेंढपाळ आहेत. तो हसून म्हणाला, "मग तुझ्या कपाळाला घाम का आलाय?" हे पत्र एका मिठाच्या गाडीवाल्याकडे देतोय. तो आमच्याआधी पोचला तर. पोरींना घे आणि नीघ. बर्फ असू दे. खोकला असू दे.

हावेल


स्कालित्सा, हंगेरीची हद्द, मार्च १६२१

साल्का,

हे पत्र कोणाला लिहितोय, मला माहीत नाही. टोबियाश इथे भेटला. म्हणाला, "लिहून ठेव, मी चौकशी करीन." त्याच्या तोंडाकडे बघून मी कागद मागून घेतला.

तेर्नित्सेत आम्ही दुपारी पोचलो. धुरांडी थंड, गोठे रिकामे, एक कुत्रंसुद्धा नाही. शिपायांना असलं गाव आवडत नाही. ते बंदुका सरसावून, हळूहळू, घरांच्या भिंतींना धरून चालत होते.  तुझ्या दारावरून गेलो. दार उघडं होतं.

कोस्टेलच्या फाटकाशी आंब्रोश काका उभे होते. एकटे. रविवारचा कोट घातलेला. मी घोड्यावरून बघतोय, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी नेपल्सचाच. कप्तानानं विचारलं, "कास्तेल्लो?"

साल्का, त्यांना ठाऊक होतं! माझं पत्र त्यांनी वाचलं होतं. तरी टोपी काढली, छाती ठोकली आणि अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल असे ओरडले, "कोस्टेल! हो, हो, कोस्टेल!" आणि आत शिरून दाराला अडसर घातला. वर घंटा वाजू लागली.

मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तुम्ही सगळे आत, आणि हा बोलावणं करतोय.

कप्तानानं मला पुढे ढकललं. "विचार, आत किती जण आहेत." मी विचारलं.  घंटा थांबली आणि भिंतीच्या भोकातून काकांचं उत्तर आलं, "सगळे आहेत रे! सगळं गाव इथेच आहे! या, हिंमत असेल तर या!"

"काय म्हणतो तो?" कप्तानानं विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढे ते दुसरं गाव आलं. मी म्हणालो, "पेस्ते. तो म्हणतो, आत प्लेग आहे. सगळं गाव आत आहे, निम्मे मेलेत, निम्मे मरतायत. म्हणतो, येऊन आम्हाला पुरा."

शिपाई मागे सरकले. एकानं क्रूसाची खूण केली. कप्तान माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझा घाम आठवला असणार. "छान," तो म्हणाला. "मग तू आत जा आणि मोजून ये."

मी दार ठोठावलं. "काका, मी हावेल." अडसर निघाला. मी आत पाऊल टाकलं तेव्हा डोळे मिटलेले होते, खरं सांगतो. उघडायची भीती वाटत होती. मी तुझं नाव घेतलं. ते रिकाम्या भिंतींवर आपटून परत आलं.

आत कोणी नव्हतं. बाकं होती, आणि काका होते, घंटेचा दोर हातात धरून.

"कुठे आहेत?" मी विचारलं.

"तुला कशाला सांगू?"

"काका, मी त्यांना प्लेग सांगितलाय. ते निघून जातील."

"गाढवा!" काका ओरडले, मग आवाज खाली आणला. "मी त्यांना संध्याकाळपर्यंत इथे अडकवून ठेवणार होतो! आता निघाले तर जातील कुठे? वर रानात ना?"

रान म्हटलं आणि त्यांनी ओठ चावला. मी वळलो. दाराशी जाऊन ओरडलो, "सगळे मेलेत! हवासुद्धा सडली आहे! वारा रानाकडून येतोय, तिकडच्या झोपड्यांतही हेच असणार! आल्या वाटेनं परत फिरा!" का तसं सुचलं, देव जाणे.

कप्तान जवळ आला नाही. लांबूनच म्हणाला, "दुभाष्या, तू हात लावलास का कोणाला?" मी म्हटलं, हो. "मग तू तिथेच राहा." त्यांनी बाहेरून दाराला लाकडं टेकवली, गाड्या उलट्या केल्या, आणि छपरावर पेटते बोळे फेकले. प्लेग जाळतात ना, तसं. लाकडी कौलं. बर्फाखाली कोरडी होती.

धूर उतरायला लागला तसे काका पुन्हा घंटा वाजवू लागले. मी ओढलं तर म्हणाले, "ते दिसेनासे होईपर्यंत थांब." मी भोकातून बघत होतो. पलटण आल्या वाटेनं खाली चालली होती, पळतच म्हणा ना. शेवटचा घोडा पुलापलीकडे गेला तेव्हा मी दोर त्यांच्या हातातून सोडवला. वेदीमागच्या खिडकीतून आधी त्यांना ढकललं, मग मी पडलो. मागे छप्पर कोसळलं.

बर्फात मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. छातीत धूर भरला होता. ते म्हणाले, "दार लाव रे, थंडी येतेय." मग श्वास थांबला.

त्यांना भिंतीच्या कडेला दगडांनी झाकलं. रानात तुम्हाला शोधायला आलो नाही. पलटणीचा कोणी मागे राहिला असता, तर माझी पावलं त्याला तुमच्यापर्यंत घेऊन आली असती. मी डोंगर ओलांडला. पलटणीच्या लेखी मी मेलो. तू आहेस की नाहीस, एवढं कळव. कोणीही कळवा.

हावेल


तेर्नित्से, एप्रिल १६२१

हावेल,

आहोत. मी, ऊर्शुला, मातेय, सासूबाई. धाकटी नाही. ती शिपायांमुळे नाही गेली, खोकल्यानं गेली, रानातल्या जुन्या चुनाभट्टीत, तिसऱ्या रात्री. विस्तव पेटवता येत नव्हता. तिला मी शालीखाली धरून बसले होते. तू कोणाला विचारण्याआधी मीच सांगते.

मिठाच्या गाडीवाल्याकडचं तुझं पत्र येण्याआधीच आम्ही भट्टीत जायचं ठरवलं होतं. तुझ्या जानेवारीच्या पत्रातलं त्या दुसऱ्या गावाचं वाचून काकांना ते सुचलं. म्हणाले, "हा शब्द त्यांना ओढून आणतो ना? मग येऊ दे की कोस्टेलपाशी." घंटा वाजत असेतोवर कोणी बाहेर यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आम्ही धूर पाहिला. घंटा ऐकली. ती थांबली तरी दोन दिवस कोणी हललं नाही.

मी तुला खोटं लिहिलं. काकांनी तसं लिहायला सांगितलं. मी विचारलं, "हावेल आपला नाही का?" ते म्हणाले, "आपला आहे म्हणूनच. त्याला ठाऊक नसेल तर त्याची हाडं मोडूनही कोणी ते बाहेर काढू शकणार नाही." मी त्यांचं ऐकलं म्हणून लिहिलं, असं तुला सांगता आलं असतं. पण तसं नव्हतं. माझा तुझ्यावर विश्वास उरला नव्हता. पुन्हा अशी वेळ आली, पुन्हा पोरी माझ्या मांडीवर असल्या, तर मी पुन्हा तसंच लिहीन. तुला राग यायचा तर येऊ दे.

काका सापडले. त्यांना नीट पुरलं. छप्पर गेलं, भिंती उभ्या आहेत. नवा सरदार आलाय, त्याच्याबरोबर दोन पाद्री. सगळ्यांनी पुढल्या महिन्यात त्यांच्या पद्धतीनं प्रार्थनेला यायचं, नाहीतर जमीन सोडायची. मातेय रात्री घराभोवती फेऱ्या घालतो. कुठे घोड्याची टाप ऐकली तरी ऊर्शुला कुठल्या कुठे लपते, हाक मारली तरी बाहेर येत नाही. बहुधा आम्ही तुझ्याकडे येऊ. रस्ता कुठला, ते लिहीत नाही. सवय लागली आहे.

काल तुझं पत्र मी ऊर्शुलाला वाचून दाखवलं. सगळं नाही, तू कोस्टेलमध्ये शिरलास तिथपर्यंतच. ती कपाट आणि भिंतीच्या मधे बसली होती, तिथूनच ऐकत होती.  मग म्हणाली, "पण आपण तिथे नव्हतो ना?"

"नव्हतो."

"मामाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग तो आपल्यासाठीच आत गेला?"

मी हो म्हटलं. ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

साल्का